फाइलमधलं पहिलं पान

माझ्या आत्याच्या आजारपणाची फाइल अजून माझ्या कपाटात आहे. वर सीटी स्कॅनची मोठी पाकिटं, खाली बायोप्सीचा रिपोर्ट, औषधांची बिलं, आणि सगळ्यात तळाशी, म्हणजे तारखेनं सगळ्यात आधीचं, रक्ततपासणीचं एक पान. जठराच्या ऑपरेशनच्या नऊ दिवस आधीचं. भूल देण्याआधी करतात त्या नेहमीच्या तपासण्या: सीबीसी, साखर, किडनी, लिव्हर. लिव्हरच्या रकान्यात अल्ब्युमिन २.९, आणि त्यापुढे खाली वळलेला एक बारीक बाण.

तो बाण तेव्हा आमच्यापैकी कुणाच्याच डोळ्यांत भरला नाही. गाठ केवढी आहे आणि कुठवर गेली आहे, एवढंच आम्ही विचारत होतो. या विषयावर वाचायला लागले तेव्हा कळलं, की जठराच्या कॅन्सरचे सर्जन गेली चाळीस वर्षं अशाच पानांवरून रुग्णाच्या पुढच्या आयुष्याचा अंदाज बांधू पाहत आहेत.

एरवी हा अंदाज गाठीवरून बांधतात. ती जठराच्या भिंतीत किती खोल शिरली, किती लसिका ग्रंथींत पोचली, दूरच्या अवयवांत गेली का, यावरून टप्पा ठरतो. स्कॅनवरून आधी अदमास येतो, पण खात्रीचा टप्पा कळतो तो जठर काढल्यावर, त्यासोबत आलेल्या निदान १६ ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावर. तरीही एकाच टप्प्यावरच्या दोन माणसांपैकी एक पाच वर्षांनी नातवाला शाळेत सोडायला जातो आणि दुसरा वर्षभरही काढत नाही. या फरकाचं उत्तर गाठीत सापडेना, तेव्हा डॉक्टर रुग्णाच्या रक्ताकडे वळले.

जठराच्या शस्त्रक्रियेचा इतिहासच एका उपाशी बाईपासून सुरू होतो. २९ जानेवारी १८८१ रोजी व्हिएन्नात थिओडोर बिलरोथ यांनी तेरेझे हेलर या ४३ वर्षांच्या स्त्रीच्या जठराचा कॅन्सरग्रस्त भाग कापून उरलेलं जठर आतड्याला जोडलं. अशा ऑपरेशनातून जगलेली ती पहिली रुग्ण. जठराचं तोंड गाठीनं बुजत आलेलं, पोटात काही ठरत नव्हतं, आंबट दुधावर ती कशीबशी तग धरून होती. ऑपरेशन पार पडलं, जखम भरली, पण चारएक महिन्यांत आजार उलटला आणि ती गेली. त्याच सुमारास बर्लिनमध्ये पॉल एर्लिख नावाचा तरुण डॉक्टर रक्ताच्या थेंबाला रंग देऊन पांढऱ्या पेशींचे प्रकार वेगळे ओळखायला शिकत होता. आज सीबीसीत न्यूट्रोफिल, लिम्फोसाइट अशी टक्केवारी छापून येते, तिचं मूळ त्या रंगांत आहे.

कॅन्सर रक्तावर खुणा सोडतो, हे त्याही आधी पॅरिसच्या आर्मां त्रूसो यांनी ओळखलं होतं. पोटात लपलेला कॅन्सर असलेल्या माणसाच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होतात, असं ते १८६५च्या सुमारास विद्यार्थ्यांना शिकवत. १८६७च्या सुरुवातीला त्यांच्या स्वतःच्या शिरेत गुठळी झाली. तिचा अर्थ त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. काही महिन्यांत ते गेले, जठराच्या कॅन्सरनं. आपणच शिकवलेली खूण आपल्याच अंगावर वाचायची वेळ या माणसावर आली. हे वाचताना मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिले होते.

आकड्यांची भाषा आली ती जपानमधून. जठराच्या कॅन्सरचं प्रमाण तिथं फार, म्हणून त्याचा अभ्यासही फार. १९८४ मध्ये ओनोदेरा या सर्जनांनी पचनसंस्थेच्या कॅन्सरच्या रुग्णांसाठी एक सोपा निर्देशांक मांडला. अल्ब्युमिनच्या आकड्याला १० नं गुणायचं, रक्ताच्या एका घनमिलिमीटरमध्ये जितक्या लिम्फोसाइट असतील त्याला ०.००५ नं, आणि दोन्हींची बेरीज करायची. अल्ब्युमिन ४.१ आणि लिम्फोसाइट १८०० असतील, तर ४१ अधिक ९, म्हणजे ५०. ओनोदेरांच्या हिशेबात ४५च्या वर असलेल्या रुग्णाचं आतडं कापून जोडायला हरकत नव्हती, ४० ते ४५ मध्ये धोका होता, आणि ४०च्या खाली ते ऑपरेशन करूच नये, असं त्यांचं मत होतं. टाके धरतील का, एवढाच त्यांचा प्रश्न होता. पुढच्या संशोधकांना दिसलं, की हा आकडा कमी असलेले रुग्ण ऑपरेशन सुखरूप पार पडल्यावरही लवकर जातात. टाक्यांसाठी केलेला हिशेब असा आयुष्याचा हिशेब होऊन बसला.

त्यात गूढ काही नाही. अल्ब्युमिन हे यकृतात तयार होणारं प्रथिन. माणूस जेवेनासा झाला की ते घटतं, असं आपण मानतो. ते अर्धंच खरं. शरीरात सतत दाह चालू असला, की यकृत आपलं काम बदलतं. अल्ब्युमिन कमी आणि सीआरपीसारखी दाहाच्या वेळची प्रथिनं जास्त बनवायला लागतं. त्यातच केशवाहिन्या झिरपायला लागतात आणि असलेलं अल्ब्युमिनही रक्ताबाहेर जातं. म्हणून ग्लासगोच्या डॉक्टरांनी २००३ मध्ये या दोन्हींची सांगड घातली. सीआरपी लिटरमागे १० मिलिग्रॅमच्या वर आणि अल्ब्युमिन ३.५च्या खाली, दोन्ही असेल तर गुण २, एकच असेल तर १, काहीच नसेल तर शून्य. फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी काढलेलं हे माप पुढे जठरालाही लागू पडलं.

पांढऱ्या पेशींचंही असंच. लिम्फोसाइट कॅन्सरच्या पेशी ओळखून मारतात. न्यूट्रोफिल एरवी जंतूंशी लढणारे, पण दीर्घकाळच्या दाहात ते अशी रसायनं सोडतात, की गाठीला नव्या रक्तवाहिन्या फुटतात. म्हणून न्यूट्रोफिलच्या टक्क्याला लिम्फोसाइटच्या टक्क्यानं भागतात. ६२ला ३०नं भागलं तर दोनच्या आसपास. ७८ला १४नं भागलं तर साडेपाचच्या वर, आणि एवढ्या वर गेलेल्या रुग्णांचं पुढचं आयुष्य सरासरीनं कमी भरतं. यासाठी नवी तपासणी लागत नाही, वेगळा खर्च नाही. तालुक्याच्या लॅबमधल्या सीबीसीच्या कागदावर दोन्ही आकडे असतातच.

आता मर्यादा, कारण त्या सांगितल्या नाहीत तर हा लेख कुणाच्या तरी घरात भीती घालेल. यातले बहुतेक अभ्यास जुन्या नोंदी मागाहून चाळून केलेले आहेत. न्यूट्रोफिल-लिम्फोसाइटच्या भागाकारात धोक्याची रेघ कुणी २वर ओढली, कुणी ५वर. दाढ सुजलेली असली, ताप येऊन गेला असला, स्टेरॉइड चालू असलं तरी न्यूट्रोफिल चढतात. यकृत किंवा किडनी बिघडली तर अल्ब्युमिन कॅन्सरशिवायही उतरतं. आणि हे सगळे आकडे शेकडो रुग्णांच्या सरासरीतून निघालेले आहेत. कॉरिडॉरमध्ये डॉक्टरांना गाठून आपण जे विचारतो, ‘किती दिवस?’, त्याचं उत्तर एका माणसाच्या एका पानावर लिहिलेलं नसतं.

ते पान आणखी एक गोष्ट सांगतं, आणि मला तीच मोलाची वाटते. गाठीचा टप्पा ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात आपल्याला बदलता येत नाही. शरीराची तयारी मात्र काही प्रमाणात बदलता येते. युरोपातल्या पोषणतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस आहे, की कुपोषणाचा धोका गंभीर असेल, म्हणजे सहा महिन्यांत वजन दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त उतरलं असेल किंवा अल्ब्युमिन ३च्या खाली असेल, तर सात ते चौदा दिवस नीट पोषण द्यावं, मग ऑपरेशन करावं, कॅन्सरचं असलं तरीही. तोंडानं जात नसेल तर नाकातून आतड्यापर्यंत बारीक नळी घालून द्यावं. एवढ्या दिवसांत अल्ब्युमिनचा आकडा फारसा हलत नाही, कारण रक्तातलं निम्मं अल्ब्युमिन बदलायलाच सुमारे वीस दिवस लागतात. आकडा चढला नाही म्हणून खाऊ घालणं फुकट गेलं, असं समजू नये.

आता तर वेळही थोडा जास्त मिळतो. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत ऑपरेशनच्या आधी आणि नंतर केमो दिलेल्यांपैकी ३६ टक्के रुग्ण पाच वर्षं जगले. नुसतं ऑपरेशन झालेल्यांत हे प्रमाण २३ टक्के होतं. तेव्हापासून भिंतीत खोल शिरलेल्या, पण दूरच्या अवयवांत न पोचलेल्या गाठींसाठी आधी केमो, मग ऑपरेशन, हा क्रम पुष्कळ ठिकाणी रूढ झाला. आधीच्या केमोचे ते दोन महिने खाऊ घालण्याचेही आहेत, आणि केमोनं तोंडाची चव गेलेली असताना ते सोपं नसतं.

आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला जाताना काय नेतात? शहाळं, मोसंबी, सफरचंद. घरात पेज, मुगाचं कढण, साबुदाण्याची खीर. पेज आणि साबुदाणा पचायला हलके, प्रेमानं केलेले, पण प्रथिनं त्यात फारशी नाहीत. अंडं, घट्ट दही, डाळ, पनीर, मासे, दुधात कालवलेली प्रोटीन पावडर हे थोडं थोडं, दिवसातून सहा-सात वेळा द्यायचं असतं. ते कुणी सांगितलं तरच आपल्याला कळतं. आहारतज्ज्ञाची चिठ्ठी ऑपरेशनच्या आधी मागावी, हेच आम्हाला सुचलं नव्हतं.

मध्यंतरी मी आत्याचं ते पान काढलं आणि लाइटच्या बिलाच्या पाठीवर हिशेब केला. पांढऱ्या पेशी ८०००, त्यात लिम्फोसाइट १४ टक्के, म्हणजे ११२०. त्याचे ५.६. अल्ब्युमिनचे २९. बेरीज ३४.६. मिनिटभरही लागलं नाही.

रक्त दिल्यापासून ऑपरेशनपर्यंतचे नऊ दिवस ती आमच्याच घरी होती. रोज सकाळ-संध्याकाळ मी तिला शहाळ्याचं पाणी द्यायचे. कोपऱ्यावरचा शहाळेवाला आमच्यासाठी पातळ मलईचं निवडून ठेवायचा. ती दोन घोट घ्यायची, पेला माझ्या हातात परत द्यायची आणि म्हणायची, ‘‘पुरे गं बाई, पोट भरलं.’’