चाळिशीनंतरचे सीमोल्लंघन

गेल्या दिवाळीत माझा पुतण्या सहकुटुंब सिरसाळ्यास आला. वय बेचाळीस, पुण्यात संगणक क्षेत्रात नोकरी, पत्नी एका रुग्णालयात औषधनिर्माती, मुलगी नववीत आणि मुलगा चौथीत. भाऊबीज झाल्यावर दुपारी दुकानाच्या गादीवर वडिलांसमोर बसून त्याने सांगितले, "ऑस्ट्रेलियाचा कायम निवासाचा व्हिसा आला आहे. जानेवारीत निघावे म्हणतो."

माझे थोरले बंधू एकाहत्तर वर्षांचे आहेत. ते काही बोलले नाहीत. सायंकाळचे भोजन आटोपल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, "तू बत्तीस वर्षे बँकेत काढलीस. याला कागदावर हिशोब मांडून दाखव. चाळिशीनंतर हे परवडत नाही, हे तुझ्या तोंडून ऐकले म्हणजे त्याला पटेल." उत्तर आधी ठरवून हिशोब करायला सांगणारे ग्राहक मी नोकरीत पुष्कळ पाहिले होते. या वेळी ग्राहक माझा सख्खा भाऊ होता.

दुसऱ्या दिवशी पुतण्याला घेऊन बसलो. त्या बैठकीत जे उमगले, ते समाजातील इतर कुटुंबांच्याही उपयोगी पडेल, म्हणून हा लेखनप्रपंच.

घाई कशाची?

माझा पहिला प्रश्न होता, "एवढी घाई का? मुलीची दहावी होऊ दे." त्याने दिलेले उत्तर मला नवे होते. ऑस्ट्रेलियाच्या गुणपद्धतीत पंचवीस ते बत्तीस वयाला 30 गुण, तेहेतीस ते एकोणचाळीसला 25, चाळीस ते चव्वेचाळीसला केवळ 15, आणि पंचेचाळिसाव्या वर्षी त्या वर्गाचे दारच बंद होते. कॅनडाच्या पद्धतीतही विशीतल्या उमेदवाराला वयाचे पूर्ण गुण मिळतात. पुढे ते उतरत जातात आणि पंचेचाळीसला शून्य होतात. म्हणजे ज्या वयात आपल्याकडे माणूस घरात कर्ता होतो, त्याच वयात परदेशाच्या दृष्टीने तो मावळतीला लागतो. चाळिशीतील माणसाला "पुढे पाहू" म्हणण्याची सवड नसते, एवढे तरी मला मान्य करावे लागले.

एक जुने उदाहरण

या वयात मुलांना घेऊन समुद्र ओलांडणे ही आजची टूम आहे, असे बंधूंना वाटत होते. मला धर्मानंद कोसंबी आठवले. गोव्यातील साखवाळ येथे 1876 मध्ये जन्मलेला हा पाली भाषेचा पंडित 1910 मध्ये एकटाच अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात गेला. 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथाच्या संशोधित आवृत्तीचे ते काम होते. 1912 मध्ये परत येऊन त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवली. 1918 मध्ये त्याच कामासाठी ते पुन्हा निघाले, तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती. या वेळी थोरली मुलगी माणिक आणि अकरा वर्षांचा मुलगा दामोदर त्यांच्याबरोबर होते. पत्नी बाळाबाई भारतातच राहिल्या.

पुढचा वृत्तान्त पालकांनी लक्षात ठेवण्याजोगा आहे. ज्या ग्रंथासाठी वडील गेले, ती आवृत्ती हार्वर्डहून 1950 मध्ये, म्हणजे धर्मानंदांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाली. ते स्वतः 1922 मध्ये परतले. अकराव्या वर्षी नेलेला मुलगा मात्र तिथल्या शाळेत रुळला, वडील परतल्यावरही तिथेच शिकत राहिला, आणि मध्ये काही काळ भारतात येऊन गेल्यानंतर 1929 मध्ये हार्वर्डचा पदवीधर झाला. गणितज्ञ आणि इतिहासकार म्हणून ख्यातनाम झालेले दामोदर धर्मानंद कोसंबी ते हेच. स्थलांतर वडिलांच्या कामासाठी झाले, पण त्या देशाचा खरा लाभ मुलाला झाला, आणि विरहाचा भार मागे राहिलेल्या पत्नीने उचलला. ही तीन खाती तेव्हाही वेगळी होती, आजही वेगळीच आहेत.

जाता जाता सांगावेसे वाटते की, याच धर्मानंदांनी 'पार्श्वनाथाचा चातुर्याम धर्म' हा ग्रंथ लिहिला आणि 4 जून 1947 रोजी सेवाग्राम येथे अन्नत्याग करून सल्लेखनेच्या मार्गाने देह ठेवला.

पहिले खाते : मिळकतीचे

आता हिशोबाकडे वळू. बेचाळीसाव्या वर्षी जाणाऱ्याच्या हाती कमाईची साधारण पंचवीस वर्षे उरतात. ऑस्ट्रेलियात मालकाने पगाराव्यतिरिक्त निवृत्तिनिधीत भरावयाचा वाटा जुलै 2025 पासून 12 टक्के आहे. सरकारी वृद्धापवेतन सदुसष्टाव्या वर्षी, साधारणतः किमान दहा वर्षांच्या निवासानंतर आणि तेही मिळकत व मालमत्ता तपासून मिळते. अमेरिकेत सामाजिक सुरक्षेच्या निवृत्तिवेतनासाठी चाळीस तिमाहींची, म्हणजे सुमारे दहा वर्षांची कमाई नोंदवावी लागते. कॅनडात वृद्धापवेतन पूर्ण मिळण्यास अठराव्या वर्षानंतरचा चाळीस वर्षांचा निवास लागतो. चाळिशीत गेलेल्याला ते अंशतःच मिळणार. सारांश, "चार वर्षे जाऊन पाहू, नाही जमले तर परत येऊ" हे पंचविशीत शोभते. चाळिशीत चार वर्षांनी परतणारा दोन्हीकडच्या निवृत्तीत उणा पडण्याचा संभव असतो.

इथली आवराआवर हा दुसरा भाग. नोकरीसाठी किंवा स्थायिक होण्यासाठी परदेशी जाणारा माणूस परकीय चलन कायद्यानुसार अनिवासी ठरतो. त्याने बँकेला कळवून आपले साधे बचत खाते एनआरओ खात्यात बदलून घ्यायचे असते. घरभाडे, लाभांश, शेतीचे उत्पन्न या खात्यात येते. परदेशातील कमाई इकडे पाठवायची तर एनआरई खाते उघडावे. त्यावरील व्याजाला भारतात आयकर नाही आणि रक्कम केव्हाही परत नेता येते. एनआरओ खात्यातून आर्थिक वर्षात दहा लाख डॉलरपर्यंत रक्कम करविषयक कागद पूर्ण करून बाहेर नेता येते. पीपीएफचे चालू खाते मुदत संपेपर्यंत ठेवता येते, मात्र मुदतवाढ मिळत नाही. पुण्यातील सदनिका भाड्याने दिल्यास अनिवासी मालकाच्या भाड्यातून भाडेकरूने कर कापून भरायचा असतो. हे भाडेकरूस आधीच सांगावे. शेतजमीन आहे ती ठेवता येते आणि वारशाने येणारीही घेता येते, पण अनिवासी झाल्यावर नवी विकत घेता येत नाही, आणि विकायची तर भारतात राहणाऱ्यासच विकावी लागते. सिरसाळ्याच्या शिवारातील आमची वडिलोपार्जित जमीन पाहता हा मुद्दा आमच्यासाठी महत्त्वाचा होता.

माझ्या नोकरीच्या काळात एक वयस्कर गृहस्थ शाखेत येत. मुलगा परदेशी गेला होता आणि खाते एकट्या मुलाच्या नावे तसेच राहिले होते. पैसा डोळ्यांसमोर असून वडिलांना औषधासाठी काढता येत नव्हता. म्हणून निघण्यापूर्वी खात्यावर आई-वडिलांना व्यवहाराचा अधिकार द्यावा, मुखत्यारपत्र करावे, नामनिर्देशन तपासावे आणि वडीलधाऱ्यांनी इच्छापत्र करावे. नामनिर्देशित व्यक्ती ही विश्वस्त असते, मालक नव्हे, हे अनेक सुशिक्षितांनाही ठाऊक नसते.

दुसरे खाते : पत्नी आणि मुले

सूनबाईंना मी विचारले, "तुमचे काय?" त्या क्षणभर थांबून म्हणाल्या, "काका, हे मला पहिल्यांदाच कोणी विचारले." औषधनिर्मात्याची इथली पदवी तिथे सरळ चालत नाही. परीक्षा, मग देखरेखीखालील काम आणि मगच नोंदणी, असा दीड-दोन वर्षांचा काळ त्यांनी धरला होता. म्हणजे दोन वर्षे घर एका पगारावर चालणार. चौदा वर्षे नोकरी केलेल्या स्त्रीने पुन्हा उमेदवारी करायची, ही किंमत कोणत्याही तक्त्यात दिसत नाही. मी ती स्वतंत्र ओळीत लिहायला लावली.

मुलांमध्ये धाकट्याची चिंता नव्हती. नववीतली मुलगी गप्प होती. तिथले शालेय वर्ष जानेवारीअखेरीस सुरू होते. म्हणजे इथली नववी अर्धवट टाकून तिथल्या वर्गात बसायचे. तिला विचारले, तेव्हा ती म्हणाली, "मला जायचे आहे, पण आजीला सोडून जायचे नाही." या वाक्याचा हिशोब मला आजही मांडता आलेला नाही.

तिसरे खाते : मागे राहणारे

आई-वडिलांना पुढे नेता येईल का, हेही आम्ही पाहिले. ऑस्ट्रेलियाच्या पालक-व्हिसासाठी किमान निम्मी अपत्ये तिथे स्थायिक असावी लागतात. बंधूंना दोन अपत्ये, मुलगी लातूरला दिलेली. अट जेमतेम बसत होती. परंतु साध्या वर्गातील प्रतीक्षा काही दशकांची आहे, आणि लवकरच्या वर्गाचे शुल्क माणशी पंचेचाळीस हजार ऑस्ट्रेलियन डॉलरहून अधिक आहे. एकाहत्तराव्या वर्षी दशकांच्या रांगेत कोण उभे राहणार? तेव्हा भेटीचा व्हिसा आणि वर्षातून एकदा मुलाचे येणे, हाच व्यवहार्य मार्ग उरला.

आमच्या बीड जिल्ह्याला स्थलांतर नवे नाही. दसरा-दिवाळीनंतर हजारो कुटुंबे बैलगाड्यांतून, ट्रॅक्टरमधून मुलाबाळांसह ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, आणि गावात म्हातारी माणसे दार राखत बसतात. उचल घेऊन निघालेले ते कोयते आणि विमानाने निघालेला माझा पुतण्या यांच्या परिस्थितीत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. मागे दारात बसलेल्यांच्या चेहऱ्यांत मात्र मला फारसे अंतर दिसत नाही.

निकाल

तिसऱ्या दिवशी मी बंधूंना कागद दाखवला. दहा वर्षांहून अधिक काळ राहण्याची तयारी असेल, दोन वर्षांच्या खर्चाची तरतूद असेल आणि आई-वडिलांसाठी इथे वेगळी ठेव ठेवली असेल, तर पैशाच्या दृष्टीने हे जमते, असे त्यात लिहिले होते. तिन्ही गोष्टींची तजवीज पुतण्याने केली होती.

बंधू म्हणाले, "मी तुला हिशोब मांडायला सांगितले होते, त्याची बाजू मांडायला नव्हे."

मी म्हणालो, "भाऊ, न परवडण्याचे कारण पैसा नाही. तुम्हाला तो इथे हवा आहे. तसे त्याला सांगा. माझ्या आकड्यांच्या आड उभे राहू नका."

ते उठून आत गेले. त्यानंतर महिनाभर आमचे बोलणे झाले नाही. इतक्या वर्षांत असे प्रथमच घडले.

पुढे काय झाले ते वहिनींकडून कळले. पुतण्याने एका रात्री वडिलांना विचारले, "आपले पूर्वज मारवाडातून लोटा-दोरी घेऊन निजामाच्या मुलखात आले, ही गोष्ट तुम्हीच आम्हाला सांगत आलात. तेव्हा तुमच्या पणजोबांचे वय काय होते?" बंधूंना ते ठाऊक होते. चाळीस. बरोबर पत्नी आणि तीन मुले. "आणि त्यांच्या वडिलांचे पुढे काय झाले?" हा प्रश्न बंधूंनी स्वतःच स्वतःला विचारला. त्याचे उत्तर घरात कोणालाच माहीत नाही. मागे राहिलेल्यांची गोष्ट आमच्या घराण्यात कोणी सांगितलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी बंधूंनी मला दूरध्वनी केला, "इच्छापत्राचा मसुदा घेऊन ये."

जानेवारीत मंडळी गेली. निघताना वहिनींनी पापड, मेतकूट, सुक्या भाज्या बांधून दिल्या. ऑस्ट्रेलियात खाद्यपदार्थांबाबत नियम कडक आहेत. दुग्धजन्य पदार्थ आणि बियाणे यांवर निर्बंध असून, नेलेला प्रत्येक खाद्यपदार्थ आगमनपत्रात घोषित करावा लागतो. तुपाचा डबा मी आग्रहाने काढून ठेवला, त्याबद्दल वहिनींची नाराजी अद्याप आहे.

सूनबाई परीक्षेचा अभ्यास करीत आहेत. मुलीला पहिले तीन महिने जड गेले. आता बरे आहे, असे ती सांगते. पुतण्याचा दूरध्वनी रोज तिथल्या सायंकाळी सातला, म्हणजे आपल्याकडे दुपारी दीडला येत असे. एप्रिलच्या एका दिवशी दीड वाजून गेला, दोन वाजले, तरी फोन आला नाही. बंधूंनी भोजन केले नाही. अडीचला घंटी वाजली. मेलबर्नची घड्याळे एप्रिलच्या पहिल्या रविवारी तासाने मागे होतात, हे आम्हा कोणाच्या ध्यानात नव्हते. माझ्या एवढ्या मोठ्या हिशोबात हा एक तास राहून गेला होता.

आता दुकानातल्या भिंतीवरील दिनदर्शिकेत बंधूंनी ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी लाल खूण करून ठेवली आहे. त्या दिवसापासून फोन पुन्हा दीडला येईल.

जय जिनेंद्र.