ऑनलाइन अर्ज 'अपात्र' दाखवतोय? एका चिन्हाचाही घोळ असू शकतो

सातबाऱ्यावर जमीन बरोबर २ हेक्टर. अट 'अल्पभूधारक, म्हणजे २ हेक्टरपर्यंत'. तरी मोबाईलवर अर्ज भरला की 'अपात्र' येतं. दर वेळी चूक शेतकऱ्याचीच असते असं नाही. अट लिहिणाऱ्याचीही असू शकते.

जर-तरचा खेळ

वेबसाइटमागचा प्रोग्राम ब्राउझरमध्ये बहुतेक वेळा जावास्क्रिप्टमध्ये चालतो. ही भाषा १९९५ मध्ये आली. त्यात 'इफ' म्हणजे 'जर' आणि 'एल्स' म्हणजे 'नाहीतर'. 'जमीन < २' लिहिलं, तर बरोबर २ हेक्टरवाला बाहेर पडतो. 'जमीन <= २' लिहिलं, तर तो आत येतो. फरक फक्त एका चिन्हाचा.

आकडा की मजकूर?

चौकटीत टाईप केलेला आकडा प्रोग्रामला मजकूर म्हणून मिळतो. दोन मजकुरांची तुलना शब्दकोशासारखी, पहिल्या अक्षरापासून होते. म्हणून '१०' हा '९' पेक्षा लहान ठरतो! मजकुराचा आकडा करायला गेलं, तर रिकाम्या रकान्याचा ० होतो आणि काहीच न भरणारा पात्र ठरतो. मराठी कीबोर्डवरचा '२' तर जावास्क्रिप्टला आकडा म्हणून कळतच नाही. तुलना खोटी ठरते आणि पुन्हा 'अपात्र'.

कोडिंग शिकणाऱ्यांसाठी

- आधी रकाना रिकामा आहे का ते बघा, मग आकडा करा, शेवटी तुलना.
- जर-च्या पोटात जर, त्याच्या पोटात आणखी जर, असं करू नका. जे चालत नाही ते सुरुवातीलाच बाहेर काढा. पुढचं कोड सरळ वाचता येतं.
- 'आणि'ने जोडलेल्या अटींत पहिली खोटी निघाली की पुढची तपासलीच जात नाही. म्हणून सोपी तपासणी आधी, सर्व्हरला विचारावी लागणारी नंतर. गावातल्या मंद नेटवर्कवर वेळ वाचतो.
- १, २ आणि ३ हेक्टर तपासून थांबू नका. १.९९, २ आणि २.०१ टाकून बघा. घोळ सीमेवरच सापडतो.
- ब्राउझरमधली अट कुणीही चुकवू शकतं, म्हणून तीच तपासणी सर्व्हरवरही हवी.

अर्जदारांनी काय करावं?

आकडे इंग्रजी कीबोर्डने भरा. तरीही 'अपात्र' आलं, तर स्क्रीनशॉट काढा आणि सातबाऱ्यासोबत लेखी तक्रार द्या. मशीनने नाही म्हटलं म्हणून हक्क सोडू नका.