कोयनेचा हिशोब आणि पहिले अ‍ॅप

पावसाळ्याच्या ऐन भरात, शिवसागर जलाशयाचे पाणी कोयना धरणाच्या सहा वक्र दरवाजांशी येऊन टेकू लागले म्हणजे, कोयनानगरच्या चहाच्या टपरीपासून थेट कराड-सांगलीच्या नदीकाठच्या घरांपर्यंत ज्या एका गोष्टीची विचारपूस अहोरात्र चालते, ती म्हणजे आज साठा किती टीएमसी झाला आणि खाली किती क्युसेक सुटले. आणि गंमत अशी की, हा हिशोब ज्याला तोंडपाठ आहे, त्याने मोबाइलचे अ‍ॅप लिहिण्याची निम्मी विद्या, नकळत का होईना, आधीच हस्तगत केलेली असते.

हे विधान अतिशयोक्तीचे वाटेल, म्हणून तपशिलात शिरतो. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. आणि अहोरात्राचे सेकंद ८६,४००. तेव्हा साधारण ११,५७४ क्युसेकचा विसर्ग चोवीस तास अखंड चालला, तर धरणातून एक टीएमसी पाणी उतरते. आता फोनच्या पडद्यावर एक रिकामी चौकट आहे, तीत मनुष्य विसर्गाचा आकडा भरतो, खालचे बटण दाबतो आणि दिवसाकाठी किती टीएमसी पाणी जाईल ते खाली उमटते, अशी कल्पना करा. चौकट, बटण, भागाकार आणि उत्तर, एवढेच ते अ‍ॅप. त्यास रेंज लागत नाही, सर्व्हर लागत नाही; आणि नवशिक्याच्या पहिल्या कामास याहून मोठा विषय मी तरी सुचविणार नाही.

कारण संगणक हा एक विलक्षण कारकून आहे. हुकमातील प्रत्येक अक्षर तो बिनचूक पाळतो. हुकूम देणाऱ्याच्या मनात काय होते, याची चौकशी मात्र तो कधीही करीत नाही. याचा प्रत्यय मला माझ्या पहिल्याच आठवड्यात आला. धरणाची क्षमता १०५.२५ टीएमसी, परंतु सोयीसाठी मी नुसते १०५ लिहिले, साठा ७८ धरला, आणि ७८ भागिले १०५ गुणिले १०० अशी आज्ञा कॉटलिन भाषेत देऊन टक्केवारीची वाट पाहिली. सुमारे ७४ यावयाचे, तेथे पडद्यावर आले शून्य! धरण पाऊण भरत आलेले, आणि माझ्या हिशोबी कोरडे ठणठणीत. संध्याकाळ खर्ची पडल्यावर उलगडा झाला तो असा की, दोन्ही संख्या पूर्णांक दिल्या तर ही भाषा भागाकारही पूर्णांकातच करते, दशांश मुकाट्याने टाकून देते, आणि चूक झाली म्हणून साधी तक्रारही नोंदवीत नाही. १०५ च्या जागी १०५.२५ लिहिताच सारे सुरळीत झाले. पुढे एकदा चौकटीत देवनागरी अंकांत ७८.५ भरले, तर अ‍ॅप जागच्या जागी बंद पडले. दशांश संख्या वाचणारी ती आज्ञा फक्त इंग्रजी अंक ओळखते. वापरणारा काय भरील याचा भरवसा नसतो, म्हणून भरलेले आधी तपासून घ्यावे, हा धडा मला पुस्तकाने नव्हे, त्या बंद पडलेल्या पडद्याने दिला.

साधनांविषयी थोडक्यात. ज्यास आज्ञा टंकलिखित करण्याचीच धास्ती वाटते, त्याने एमआयटी या अमेरिकन संस्थेच्या अ‍ॅप इन्व्हेंटरपासून प्रारंभ करावा. तेथे रंगीत तुकडे एकमेकांत बसवून आज्ञावली तयार होते. मात्र तेथे महिनोन्‌महिने रेंगाळू नये. त्यानंतर गूगलने २०१७ साली अँड्रॉइडसाठी अधिकृत मान्यता दिलेली कॉटलिन आणि अँड्रॉइड स्टुडिओ हे विनामूल्य साधन, हा मार्ग सरळ आहे. संगणकाची स्मृती (रॅम) आठ जीबीहून कमी असल्यास मात्र सहनशीलतेची कसोटी लागते. आज्ञाशब्द इंग्रजी असतात, पण आरंभी लागणारे शब्द इतके थोडे की त्यांचा बाऊ करण्याचे कारण नाही.

महत्त्वाकांक्षेला आवर घालणे हे अधिक कठीण. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाची पहाट ज्या कोयनानगरने भोगली, तेथल्या तरुणास भूकंपाची सूचना देणारे अ‍ॅपच प्रथम सुचावे, हे स्वाभाविक आहे. फोनमध्ये हालचाल मोजणारा संवेदकही असतोच. परंतु एकटा फोन भूकंपाचा हादरा आणि घाटातील एस.टी.चा धक्का यांत भेद करू शकत नाही. गूगलने २०२३ साली भारतात सुरू केलेली सूचना-व्यवस्था एकाच परिसरातील असंख्य फोनांचे संकेत ताडून पाहते, म्हणून ती चालते. ते एकट्या नवशिक्याचे काम नव्हे.

खर्चाची भीती असेल, तर तीही निराधार आहे. प्ले स्टोअरवर अ‍ॅप ठेवावयाचे म्हटले म्हणजे एकदाच २५ डॉलर भरावे लागतात, आणि अ‍ॅपलच्या दुकानात दरवर्षी ९९. पण स्वतः लिहिलेले अ‍ॅप यूएसबी केबलने आपल्याच अँड्रॉइड फोनवर उतरवून घेण्यास कोणतेही शुल्क पडत नाही.