समासातली नोंद

ज्या घरात लग्न निघाले आहे त्या घरातील आईची पायपीट सराफाची पेढी, कापडाचे दुकान आणि आचाऱ्याचे घर या तीन ठिकाणांच्या दरम्यान होते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. आणि माझ्या थोरल्या मुलीचा विवाह येत्या जानेवारीत, म्हणजे नाताळ आटोपल्यानंतर व 18 फेब्रुवारी 2026 रोजी सुरू होणाऱ्या उपवासकाळापूर्वी, असा निश्चित होईपर्यंत माझीही समजूत याहून निराळी नव्हती. प्रत्यक्षात गेल्या चार महिन्यांत माझी निम्मी पायपीट झाली ती तीन चर्चच्या दफ्तरांतून, आणि साडीच्या पोतापेक्षा शंभर वर्षांच्या कागदाचा पोत माझ्या बोटांना अधिक परिचयाचा झाला. मांडव, भोजन, वाजंत्री, सासूबाईंच्या पेटीतले लाल लुगडे कोणी नेसायचे यावरून झालेला वाद, या सर्वांचे वर्णन वसईच्या कोणत्याही घरी ऐकावयास मिळेल. ते येथे करीत नाही.

आमच्या घरात हे वर्ष एकंदरीतच टप्प्यांचे गेले. सासूबाईंना नव्वद वर्षे पूर्ण झाली, यजमान सेवानिवृत्त झाले, आमच्या विवाहाला तीस वर्षे झाली, आणि या सगळ्यांची मिळून एक कृतज्ञतेची मिस्सा सांगून आम्ही स्वस्थ बसलो असतो तोच लेकीचे ठरले. फादरांना भेटावयास गेलो तेव्हा त्यांनी अभिनंदन केले, चहा मागवला आणि एक छापील यादी हातात ठेवली. वधूवरांचे स्नानसंस्काराचे दाखले, दृढीकरणाचे दाखले, विवाहपूर्व मार्गदर्शन शिबिर पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र, आणि दोघांची स्वतंत्रपणे घ्यावयाची जबानी. पैकी स्नानसंस्काराचा दाखला सहा महिन्यांच्या आतला हवा, असे त्यांनी यादीवर बोट ठेवून दोनदा सांगितले.

मला हसू आले. माणसाचा बाप्तिस्मा एकदाच होतो. अठ्ठावीस वर्षांपूर्वी झालेला संस्कार सहा महिन्यांत शिळा कसा व्हावा? घरी लोखंडी कपाटात तो दाखला प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला होता. फादर म्हणाले, "बाई, दाखला संस्कारासाठी मागत नाही, समासासाठी मागतोय."

या एका शब्दाचा अर्थ उलगडण्यासाठी ते जाडजूड पुस्तक डोळ्यांखालून गेलेच पाहिजे. चर्चच्या बाप्तिस्मा नोंदवहीत प्रत्येक बालकाला एक ओळ मिळते. अनुक्रमांक, संस्काराची तारीख, जन्मतारीख, नाव, पित्याचे नाव, मातेचे नाव, राहण्याचा गाव, धर्मपिता, धर्ममाता आणि संस्कार देणाऱ्या धर्मगुरूची सही, असे रकाने संपले की उजवीकडे चार बोटे कोरी जागा सोडलेली असते. तोच तो समास. मूल मोठे होऊन त्याचे दृढीकरण जेथे होईल तेथून कळवले जाते आणि या कोऱ्या जागेत त्याची नोंद पडते; विवाह जगाच्या पाठीवर कोठेही होवो, तेथील धर्मगुरू बाप्तिस्म्याच्या चर्चला लेखी कळवतात आणि कोणाशी, कोठे, कोणत्या तारखेला, एवढा मजकूर त्याच ओळीच्या शेजारी उतरतो. हा दंडक 1907 साली रोमहून निघालेल्या हुकुमाने सर्वत्र लागू झाला. एकदा विवाह केलेल्या इसमाने परगावी जाऊन स्वतःस अविवाहित म्हणवून घ्यावे, या लबाडीवर तो उतारा होता. म्हणून दाखला ताजा हवा: विवाहापुरता समास आजमितीस कोरा आहे, एवढीच ग्वाही त्यातून पाहिजे असते.

मुलीच्या जन्माच्या वेळी यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही मुंबईच्या एका उपनगरात भाड्याने राहत होतो, त्यामुळे तिची ओळ तेथील चर्चमध्ये होती. विरार लोकलची उलट दिशेची गर्दी टाळून साडेअकराच्या सुमारास मी तेथे पोहोचले. कचेरीतील तरुण कारकुनाने प्रथम संगणकात नाव शोधले, वहीचा क्रमांक व पान एका चिठोऱ्यावर टिपले आणि मग कपाट उघडले. डांबराच्या गोळ्यांचा वास आधी बाहेर आला, वही नंतर. कापडी पुठ्ठ्याची, कोपऱ्यांना कातडे लावलेली ती वही त्याने दोन्ही हातांनी, झोपलेले मूल उचलावे तशी उचलून टेबलावर ठेवली आणि बोटाला थुंकी न लावता, पानाच्या वरच्या कोपऱ्याखाली हलकेच पट्टी सरकवून पाने उलटू लागला. ही रीत कोणी शिकवली म्हणून विचारले, तेव्हा आपल्या आधीच्या वृद्ध कारकुनाचे नाव घेऊन त्याने कानाच्या पाळीला हात लावला.

ओळ सापडली. 9 नोव्हेंबर 1997, रविवार. तिचे नाव, यजमानांचे नाव, आणि मातेच्या रकान्यात माझे माहेरचे नाव व माहेरचे आडनाव. येथे माझी दृष्टी क्षणभर अडखळली, हे कबूल केले पाहिजे. शिधापत्रिका, बँकेचे पुस्तक, शाळेतील माझी सेवापुस्तिका, या सर्वांनी तीस वर्षांपूर्वीच जे आडनाव माझ्यापासून काढून घेतले होते ते या परक्या उपनगरातल्या वहीत, माझ्या मुलीच्या ओळीत, निळ्या शाईने शाबूत होते. चर्चच्या वहीत आई मुलांच्या ओळीत आपल्या माहेरच्या नावानेच राहते. नातेसंबंध शोधण्याची सोय म्हणून ही पद्धत पडली असणार, बायकांचा मान राखण्याच्या हेतूने नव्हे. तरी सोय म्हणून का होईना, मान राहिला.

आनंद मात्र अर्धाच घटका टिकला, कारण जन्मतारखेच्या रकान्यात 10 जुलै असे लिहिलेले होते. माझी मुलगी 7 ऑक्टोबरला जन्मली. त्या दिवशी रोझरी मातेचा सण असतो, प्रसूतिगृहाच्या खिडकीतून शेजारच्या आळीतली रोझरीची प्रार्थना ऐकू येत होती, आणि ही तारीख मी झोपेतही चुकणार नाही. चूक कशी झाली असेल हे ताडणे कठीण नव्हते: यजमानांनी चिठ्ठीवर सात आणि दहा असे आकडे लिहून दिले असतील आणि त्या वेळच्या लेखनिकाने ते उलट्या क्रमाने वाचून महिना अक्षरी लिहिला असेल. अठ्ठावीस वर्षे माझी मुलगी चर्चच्या हिशेबी तीन महिन्यांनी थोरली होती, आणि कपाटातल्या जपून ठेवलेल्या दाखल्यावरही तीच तारीख असून आम्ही कोणी ती कधी वाचली नव्हती! वस्तू जपणारी माणसे ती वस्तू वाचत नाहीत, हा माझ्या घरापुरता तरी अनुभव आहे.

मला वाटले, कारकून पेन काढील आणि दोन अक्षरे बदलील. त्याने वही मिटली. या वहीत खाडाखोड चालत नाही. मूळ अक्षर चुकीचे असले तरी ते तसेच राहते, आणि दुरुस्ती महागुरूंच्या कचेरीतून परवानगी आल्यावर समासात लिहितात. त्याप्रमाणे अर्ज, महानगरपालिकेचा जन्मदाखला आणि तेथील फादरांचे शिफारसपत्र अशी कैफियत रवाना झाली. मंजुरी येण्यास तीन आठवडे लागले. माझ्या मुलीच्या समासात नवी नोंद पडली ती विवाहाची नव्हे, माझ्या व यजमानांच्या गाफीलपणाची.

दरम्यान दुसरे प्रकरण उद्भवले. विवाहापूर्वी धर्मगुरू वधूवरांना एकेकटे बसवून विचारपूस करतात: संमती स्वखुशीची आहे काय, कोणाचे दडपण आहे काय, पूर्वी कोठे बंधन घडले आहे काय, आणि दोघांत रक्ताचे नाते आहे काय. वसईच्या पश्चिम पट्ट्यात, जेथे डिसोजा, लोपीस, परेरा, तुस्कानो अशी मोजकी आडनावे गावोगाव पसरलेली आहेत आणि सोयरिकी चार-पाच मैलांच्या परिघातच होत आल्या आहेत, तेथे हा शेवटचा प्रश्न केवळ उपचाराचा नसतो. मुलीने "नाही" असे उत्तर देऊन सही केली, घरी येऊन ते सांगितले मात्र, तोच खाटेवर पडून असलेल्या सासूबाई म्हणाल्या, "नाही कसं? त्याची पणजी आणि तुझ्या आईची आजी सख्ख्या बहिणी." त्र्यंबकेश्वराच्या तीर्थोपाध्यायांजवळ जशा यजमानांच्या नामावळी असतात तशी आमच्या आळीची नामावळ सासूबाईंच्या डोक्यात आहे, आणि तिला कसर लागलेली नाही. तरी तोंडी मजकुराची लेखी शहानिशा व्हावी, म्हणून फादरांनी मला माझ्या माहेरच्या चर्चमध्ये पाठवले.

तेथील जुन्या वह्या पोर्तुगीजमध्ये आहेत. चिमाजी अप्पांनी 1739 साली वसई घेतली आणि पोर्तुगीजांचे दोनशे वर्षांचे राज्य गेले, पण त्यांची लेखनाची सवय चर्चच्या कपाटात राहून गेली. ट्रेंटच्या परिषदेने 1563 साली विवाहाची नोंद ठेवणे धर्मगुरूंवर बंधनकारक केले, त्या वेळी येथे तेच राज्य होते. त्या वळणदार अक्षरांतून, तेथल्या वयोवृद्ध फादरांच्या मदतीने, दोन तासांनी आम्हांला दोन बहिणी सापडल्या; दोघींच्या ओळींत आईबापांची नावे तीच होती. सासूबाई खऱ्या ठरल्या. अर्थात् वधूवरांचे नाते निघाले ते तिसऱ्या पिढीच्याही पलीकडचे, आणि 1983च्या धर्मनियमांनुसार मनाई आहे ती सख्ख्या चुलत, मामे, आते, मावस भावंडांपर्यंतच. 1917च्या आधी मात्र सर्वसाधारण नियमाने हीच सोयरीक खास परवानगीवाचून झाली नसती, असे फादरांनी सांगितले आणि वही मिटता मिटता विचारले, "तुमची स्वतःची ओळ पाहायची आहे का?"

1968ची वही फार जुनी नव्हती. माझ्या ओळीचा समास भरलेला होता. वर दृढीकरण, खाली 1995 सालचा माझा विवाह, यजमानांचे नाव, आमच्या चर्चचे नाव, तारीख. ज्या दिवशी मी मांडवातून उठून सासरी गेले त्या दिवसानंतर केव्हातरी कोणी तरी धर्मगुरूने पोस्टाने कागद धाडला होता आणि माझ्या माहेरी, मला न कळत, कोणी तरी तो बारीक अक्षरांत उतरवून घेतला होता. पुढच्या कपाटात आईवडिलांच्या 1961च्या विवाहाची नोंदही निघाली. त्यांची मिस्सा लॅटिनमध्ये झाली होती, कारण मराठीला वेदीवर जागा मिळाली ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर. आईने जन्मभर सांगितले की लग्नात आपल्याला फक्त आपले नाव कळले. वहीत वडिलांची सही आहे. आईचा अंगठा आहे. तो मी बराच वेळ पाहत बसले. शाई सुकताना अंगठा किंचित सरकलेला दिसतो.

लग्नाची घोषणा नोव्हेंबरच्या तीन रविवारी झाली. पहिला रविवार 9 नोव्हेंबर 2025 हा होता. अठ्ठावीस वर्षांनी तारीख आणि वार पुन्हा जुळून येतात, हा पंचांगाचा साधा हिशेब मला ठाऊक आहे. तरी 9 नोव्हेंबरच्या रविवारी जिचा बाप्तिस्मा झाला तिचेच नाव 9 नोव्हेंबरच्या रविवारी वेदीवरून वाचले जाताना मी बाकाची कड घट्ट धरली होती. ख्रिस्तप्रसादानंतरची प्रार्थना झाली, फादरांनी चष्मा लावला आणि दोघांची नावे, मातापित्यांची नावे व गाव वाचून, कोणास हरकत ठाऊक असल्यास ती कळवावी असे सांगितले. पुढच्या बाकावरच्या चार वृद्ध स्त्रिया, जणू हरकत माझ्याच चेहऱ्यावर लिहिलेली असावी, अशा एकदम मागे वळल्या. मुलगी माझ्या कानाशी लागून म्हणाली, "आई, तू श्वास घे ना." तिसऱ्या रविवारपर्यंत हरकत आली नाही.

जानेवारीत, विवाह लागल्यावर, वधूवर व साक्षीदार वेदीजवळच सह्या करतील. 1872च्या ख्रिस्ती विवाह कायद्यान्वये त्या नोंदीची माहिती सरकारी निबंधकाकडे जाईल, आणि एक कागद त्या उपनगरातील चर्चकडे. समासात दुरुस्तीच्या ओळीखाली अजून दोन बोटे जागा शिल्लक आहे. मी मोजून आले आहे.

ज्या वाचकांच्या घरी पुढील वर्षी मंगलकार्य व्हावयाचे असेल त्यांना एवढीच विनंती, की हॉल ठरवण्यापूर्वी कपाटातला बाप्तिस्म्याचा दाखला बाहेर काढावा, चष्मा लावावा, आणि जन्मतारीख वाचून पाहावी. दुरुस्तीला तीन आठवडे लागतात.