कडू कंद गोड कसा होतो

पौष-माघात पेण-रोह्याच्या बाजूला संध्याकाळी शेतावर पोपटी लागते. भाताची कापणी कधीच उरकलेली असते, वालाच्या शेंगा भरलेल्या असतात आणि बांधाबांधावर भांबुर्ड्याचा पाला माजलेला असतो. मडक्याच्या तळाला आधी हा पाला, त्यावर शेंगा, ओवा, जाडं मीठ, मध्ये अंडी किंवा कोंबडीचे तुकडे, वर पुन्हा शेंगा, आणि शेवटी पाल्यानेच तोंड गच्च बंद. मडकं जमिनीवर उपडं घालायचं, भोवती पेंढा, गवऱ्या, काटक्या रचून पेटवून द्यायचं. तेलाचा थेंब नाही, पाण्याचाही नाही. काही वेळाने तापल्या मडक्यावर पाणी शिंपडायचं. थेंब पडताक्षणी चुर्र करून उडाला की पोपटी झाली.

मडकं उपडं का घालतात? शेंगांमधल्या पाण्याची वाफ होते. वाफ हवेपेक्षा हलकी, म्हणून ती वर चढते. मडकं उभं असतं तर ती तोंडातून निघून गेली असती आणि शेंगा करपल्या असत्या. उपड्या मडक्यात तिला वर जायला वाटच नाही. ती तळाशी साचते, जड हवेला खाली ढकलते, आणि हवा पाल्याच्या बोळ्यातून बाहेर पडते. म्हणजे शेंगा आपल्याच घामात शिजतात, आणि भांबुर्ड्याच्या पानातलं सुगंधी तेल त्या वाफेत मिसळतं. मातीचं भांडं, मूठभर पाला आणि आग एवढ्यावर चालणारा हा वाफाळा कुणी आणि कधी शोधला याची नोंद कुठेही नाही.

हल्ली शहरातली माणसं पैसे भरून रानात राहायचे धडे घेतात. टीव्हीवर एकटा पुरुष सुरी घेऊन जंगलात उतरतो, अळ्या खातो, आग पेटवतो आणि आपण थक्क होतो. मला या कार्यक्रमांची मौज वाटते, पण त्यातली मूळ कल्पनाच मला पटत नाही. रानात जगणं हे एकट्याच्या छातीचं काम कधीच नव्हतं. ते पटायला पेण-रोह्याच्या डोंगरउतारांवरच्या कातकरी वाड्यांकडे बघावं. पोपटी ही त्यांच्या दृष्टीने बालवाडी म्हणावी लागेल.

पहिल्या पावसाआधी-नंतरच्या दिवसांत पेणच्या बाजारात कातकरी आणि ठाकूर बायका शेवळं घेऊन बसतात. जमिनीतून वर आलेले जांभळट, लांबट कोंब. सुरणाच्या कुळातली ही वनस्पती नुसती चिरून शिजवली तर घसा असा खाजतो, की माणूस पुन्हा नाव काढत नाही. कारण तिच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटच्या सूक्ष्म सुया जुडग्याने भरलेल्या असतात. पेशी फुटली की त्या बाहेर उसळतात आणि जिभेत, घशात रुततात. कुणा प्राण्याने आपल्याला खाऊ नये म्हणून झाडाने केलेली ही तटबंदी. यावर उतारा म्हणून शेवळांच्या बाजूलाच टोपलीत काकडं ठेवलेली असतात. काकड नावाच्या झाडाची ही हिरवी, आंबट फळं. शेवळं तेलात परतायची, काकडांच्या आंबट रसात शिजवायची, मग ती निमूट पोटात जातात. पेणच्या कितीतरी घरांत आषाढाआधी ही भाजी, कुणाकडे वालाचं बिरडं घालून तर कुणाकडे कोलंबी घालून, झालीच पाहिजे असा दंडक असतो. ध्यानात घ्या, विष आणि उतारा एकाच रानात, एकाच पंधरवड्यात तयार होतात, आणि दोन्ही एकाच बाईच्या टोपलीतून येतात.

कडू करांद्यांची गोष्ट याहून थोर आहे. करांद्याच्या वेलीला पानांच्या बेचक्यात बटाट्यासारखे कंद लागतात, जमिनीखालीही लागतात. परसातले करांदे उकडून मीठ लावून खाता येतात. रानातले मात्र इतके कडू, की जीभ आत ओढली जाते. तो कडवटपणा चवीपुरता नाही. त्यातल्या डायोसबल्बिन गटाच्या रसायनांनी यकृताला इजा होते. याच कुळातल्या दुसऱ्या काही कंदांत डायोस्कोरिन नावाचं अल्कलॉइड असतं, त्याने आचके येऊ शकतात. तरीही पावसाळ्यानंतर पोटाला आधार म्हणून रानातल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या हे कंद खाल्ले.

रीत अशी: कंद सोलून पातळ काप करायचे. चुलीतली राख घालून उकडायचे. मग काप टोपलीत घालून ती टोपली रात्रभर ओढ्याच्या वाहत्या पाण्यात ठेवायची. चव बघायची. कडू लागलं तर पुन्हा पाणी.

आता एकेक पायरी तपासू. पातळ कापांमुळे पाण्याला भिडणारा पृष्ठभाग कितीतरी पट वाढतो. राख म्हणजे क्षार. डायोसबल्बिनच्या रेणूत लॅक्टोन नावाची कडी असते, आणि क्षारात अशी कडी उघडते, रेणूचा आकारच बदलतो. आणि ओढा? मडक्यातल्या साचल्या पाण्यात कंदातलं विष उतरतं खरं, पण पाण्यातलं प्रमाण वाढत गेलं की उतरणं मंदावतं. वाहतं पाणी दर क्षणी कोरं असतं, त्यामुळे विष उतरायचं थांबतच नाही. रसायनशाळेत विद्यार्थ्यांना हे समीकरणांनी शिकवतात. इथे ते टोपली आणि ओढा यांवर भागलं आहे.

या रीतीत एक अडचणीचा प्रश्न लपलेला आहे. एकटा हुशार माणूस रानात अडकला, तर त्याला ही रीत स्वतःच्या बुद्धीने सापडेल का? पहिल्या पायरीनंतर कंद कडूच असतो, दुसरीनंतरही बराचसा. मध्येच थांबला तर आजारी पडेल, आणि पुन्हा त्या कंदाला हात लावणार नाही. फायदा थेट शेवटच्या पायरीनंतर दिसतो. म्हणून अशी विद्या एका डोक्यात जन्मत नाही. कितीतरी चुकांतून, कितीतरी आज्यांच्या हातून ती साचत जाते.

याचा भयंकर पुरावा ऑस्ट्रेलियात आहे. १८६० साली बर्क आणि विल्स यांची मोहीम मेलबर्नहून उत्तरेकडे निघाली. उंट, घोडे आणि सुमारे वीस टन सामान. परतीच्या वाटेवर कूपर्स क्रीकपाशी अन्न संपलं. तिथले यांद्रुवांधा लोक नार्डू नावाच्या पाणनेच्याच्या बीजकोशांचं पीठ करून खात होते. आपल्या भातखाचरांत चार पानांचा जो नेचा उगवतो त्याचाच हा भाऊबंद. गोऱ्यांनी पीठ उचललं, रीत उचलली नाही. नार्डूत थायामिन म्हणजे ब-१ जीवनसत्त्व नष्ट करणारं विकर असतं. तिथले लोक भाजणं, पाण्याबरोबर दळणं अशा पायऱ्यांनी त्याचा काटा काढत. बर्क आणि विल्स रोज पोटभर नार्डू खात होते आणि रोज खंगत होते. १८६१ च्या जून-जुलैत दोघेही गेले. त्यांना बेरीबेरी झाला असावा, असं १९९४ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात संशोधकांनी मांडलं. तिसरा, जॉन किंग, यांद्रुवांधांच्या आश्रयाला गेला, त्यांच्यात राहिला आणि जगला. बंदुका, नकाशे आणि शौर्य यांचा उपयोग झाला नाही; शेजाऱ्याच्या वस्तीवर जाण्याचा झाला.

कातकऱ्यांकडे अशा विद्यांची रांगच आहे. गेळाची फळं ठेचून डोहात कालवली की मासे गुंगून वर येतात. त्यातली सॅपोनिनं माशाच्या कल्ल्यांवर घाला घालतात आणि त्याचा श्वास अडतो. आपल्या आतड्यांतून मात्र ती फारशी रक्तात उतरत नाहीत, म्हणून तो मासा माणसाला चालतो. माशाला मारणारं आणि माणसाला न बाधणारं असं नेमकं विष रानातल्या शेकडो झाडांतून निवडणं ही मामुली गोष्ट नव्हे. (पाण्यात विष कालवून मासे मारायला १८९७ च्या मत्स्य कायद्यापासून बंदी आहे, आणि आज आटलेल्या ओढ्यांत ती हवीच.) पोळं उतरवताना धूर करतात, तो नुसता माश्यांना पळवायला नव्हे. एक माशी डसली की ती हवेत इशाऱ्याचा गंध सोडते, त्या गंधावर बाकीच्या धावून येतात. धूर हा निरोप पुसून टाकतो. शिवाय वणवा आला असं समजून माश्या मध पिऊन जड होतात. उंदरांच्या बिळांची सगळी तोंडं हेरून, एक सोडून बाकीची बुजवून, धुरी देऊन उंदीर बाहेर काढणं यात कातकऱ्यांचा हात धरणारा कोणी नाही. शेतकऱ्याच्या भाताचे ते न मागितलेले राखणदार. पहिल्या पावसात प्रवाहाविरुद्ध चढणारे वलगणीचे मासे आणि रात्री उजेडात पकडलेले मुठे यांविषयी बोलायला बसलो तर लेख तिथेच संपेल.

दोराबद्दल मात्र सांगायलाच हवं. मुरुडशेंगेच्या, म्हणजे कोकणात जिला केवण म्हणतात तिच्या सालीचे तंतू काढून मांडीवर वळतात. दोन पदर प्रत्येकी एका दिशेने पिळायचे आणि मग एकमेकांभोवती उलट दिशेने. प्रत्येक पदर सुटू पाहतो, पण त्याचं सुटणं म्हणजे दुसऱ्याला आवळणं. भांडणातूनच दोर पक्का होतो. फ्रान्समध्ये आब्री द्यु मारास या ठिकाणी निअँडरथल माणसाने वळलेल्या तीन पदरी दोराचा अगदी बारीक तुकडा मिळाला. त्याचं वय सुमारे चाळीस ते पन्नास हजार वर्षं, आणि पिळण्याची युक्ती हीच.

पण कातकऱ्यांची मूळ कारागिरी कात काढण्याची. खैर तोडायचा, साल आणि बाहेरचं पांढरं लाकूड काढून टाकायचं, आतल्या लाल गाभ्याच्या चिपा करायच्या, भट्टीवरच्या मडक्यांत त्या उकळायच्या, रस गाळून आटवायचा. दाट रस निवला की कात खाली बसतो. कात म्हणजे मुख्यतः कॅटेचिन, हिरव्या चहातल्या रसायनांच्या कुळातलं. ते गरम पाण्यात सहज विरघळतं, गार पाण्यात जेमतेम. टॅनिनं मात्र गार पाण्यातही विरघळलेलीच राहतात. निव्वळ तापवणं आणि निववणं यांनी एकाच लाकडातली दोन द्रव्यं वेगळी होतात. पानात रंगणारा कात हा एक. दुसऱ्या टॅनिनयुक्त रसात युरोपातले मच्छीमार आपली जाळी आणि शिडं बुडवत, म्हणजे ती खाऱ्या पाण्यात कुजू नयेत.

ही भट्टी विझली ती कसब संपलं म्हणून नव्हे. १८७८ च्या वन कायद्याने जंगलं राखीव होत गेली आणि कुऱ्हाड लावणारा कातकरी स्वतःच्या रानात चोर ठरला. २५ सप्टेंबर १९३० रोजी पेणच्या शेजारच्या उरण तालुक्यात चिरनेर इथे जंगल सत्याग्रह झाला. तिथल्या गोळीबारात हुतात्मा झालेल्यांत नाग्या कातकरी हा तरुण होता. खैराच्या मागून कोळशाच्या भट्ट्या आल्या, मग वीटभट्ट्या. आज दिवाळीनंतर उचल घेऊन कितीतरी कुटुंबं वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात.

विद्येचं नुकसान नेमकं इथे होतं. करांदे काढायचे ते पावसाळा सरल्यावर, मध उतरवायचा तो उन्हाळ्यात. ज्या महिन्यांत आजीच्या मागे रानात फिरायचं, त्याच महिन्यांत पोर भट्टीवर मातीचे गोळे करत असतं. पुस्तकात लिहून ठेवलं तरी ओढ्यातला काप ‘आता पुरे’ कधी म्हणायचा हे जिभेनेच शिकावं लागतं, आणि ती जीभ रानात हवी. कातकरी समाजाला सरकारने कोलाम आणि माडिया गोंड यांच्यासह महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिम जमातींत धरलं आहे. ‘आदिम’ हा शिक्का मला खटकतो. एकाच लाकडातून दोन द्रव्यं वेगळी काढणाऱ्या माणसांना तो शोभत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने अशा जमातींना त्यांच्या अधिवासावर, गौण वनोपजावर आणि पारंपरिक ज्ञानावरही हक्क दिला आहे. कागदावरचा तो हक्क वाडीपर्यंत पोचवणं हे या विद्येचं खरं संग्रहालय ठरेल. रानात फिरायची मुभाच नसेल तर चित्रफिती करून काही टिकणार नाही.

हे वाचून कुणी रानात जाऊन कंद उकरू नये. गोड करांदा आणि विषारी करांदा वेलीवरून ओळखणं लेखातून येत नाही, आणि इथे रीत दिली आहे ती समजण्यापुरती, करून पाहण्यासाठी नव्हे. त्यापेक्षा जूनमध्ये पेण किंवा रोह्याच्या बाजारात जा. टोपली घेऊन बसलेल्या बाईंकडून शेवळं आणि काकडं, दोन्ही घ्या, कशी शिजवायची ते त्यांनाच विचारा, आणि त्या सांगतील त्या भावात घासाघीस करू नका.