काळी एक की काळी दोन?

माझा आवाज काळी एकचा. सोळाव्या वर्षी आवाज फुटून स्थिरावला, तेव्हापासून आमचा तंबोरा काळी एकमध्येच लागत आला आहे. पण १९८४ सालच्या एका कॅसेटमध्ये मी भैरव गातोय आणि तो काळी दोनमध्ये आहे. पूर्ण एक स्वर वर. तालमीला पेटी वडिलांची, तबला वरच्या मजल्यावरच्या काकांचा. दोघंही त्याच सुरात, त्यामुळे बेसूर काहीच नाही. द्रुत बंदिश तर अशी पळते, की घरात वर्षानुवर्षं तिचं कौतुक व्हायचं. "त्या वयात काय तान घ्यायचा!" असं आई पाहुण्यांना सांगायची.

गेल्या वर्षी ही कॅसेट संगणकावर उतरवून घेताना खरी गोष्ट कळली. आमचा टेपरेकॉर्डर त्या दिवशी सेलवर चालत होता आणि सेल उतरत आले होते. सेल उतरले की मोटर मंदावते, फीत सावकाश सरकते. सावकाश सरकणाऱ्या फितीवर भरलेलं गाणं पुढे नेहमीच्या वेगाने वाजवलं, की सूर चढतो आणि लयही चढते. एक पूर्ण स्वर चढला म्हणजे वेगात सुमारे बारा टक्क्यांचा फरक. गंमत अशी, की सेल शेवटपर्यंत उतरतच होते, त्यामुळे बाजू संपता संपता षड्ज काळी दोनही ओलांडून पांढरी तीनकडे झुकतो.

मोजपट्टी घरातच होती. वडिलांची पेटी अजून आहे. पितळी सूर चाळीस वर्षांत थोडे हलतात, पण पूर्ण स्वराने हलत नाहीत. काळी एकचा सूर धरून ठेवला, दर दोन-तीन मिनिटांनी कॅसेटमधला षड्ज त्याला जुळवला आणि वेग तेवढा कमी करत गेलो. द्रुतमध्ये मिनिटाला २२० मात्रा वाटत होत्या, त्या १९६वर आल्या. कौतुकाची तान साध्या वेगाची निघाली.

पण त्याच वेळी दुसरं काहीतरी हाती आलं. भैरवातला कोमल रिषभ आंदोलित असतो, आणि तो किती सावकाश हलवायचा यावर आमच्या बाईंनी एक अख्खा पावसाळा खर्च केला होता. कॅसेटमध्ये तो रिषभ नुसता थरथरल्यासारखा यायचा. म्हणून मी समजून चाललो होतो, की बाईंचं शिकवणं तेव्हा माझ्या गळ्यात उतरलंच नाही. वेग दुरुस्त झाल्यावर तो रिषभ पहिल्यांदा खरा ऐकला. तो सावकाश होता आणि बाई सांगत होत्या तसाच हलत होता. ज्याचा अभिमान बाळगला ते यंत्राचं देणं होतं, आणि ज्याची खंत केली ते गळ्यात उतरलेलं होतं. हौशी गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांनी आपल्या जुन्या कॅसेट पुन्हा ऐकाव्यात असं मी आग्रहाने म्हणतो, ते या अनुभवामुळे.

फिलिप्स कंपनीने ही छोटी कॅसेट १९६३ साली बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात मांडली. लू ओटेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती बेल्जियममधल्या हासेल्टच्या कारखान्यात घडवली होती. फितीची रुंदी ३.८१ मिलिमीटर, वेग सेकंदाला ४.७६ सेंटीमीटर. त्याआधीच्या स्पूल यंत्रांमध्ये फीत सव्वासहा मिलिमीटर रुंद असे आणि घरगुती यंत्रांवरही बहुधा दुप्पट किंवा चौपट वेगाने पळे. म्हणजे कॅसेटमध्ये आवाजाला जागाही कमी आणि वेळही कमी. उंच कंपनांचे आवाज त्यात नीट मावत नाहीत, मागे फितीचा 'स्स्स' सतत राहतो. ती मुळात बोलणं टिपून ठेवण्यासाठी केली होती, गाण्यासाठी नव्हे. तरी आपल्याकडे १९८०च्या आसपास ती घरोघर पोचली. आखाती देशांत नोकरीला गेलेल्या कुणा नातेवाइकाने टू-इन-वन आणला, की शेजारपाजारची गाणारी मुलं त्याच्यासमोर बसायची. बोटाने तांबडं बटण दाबलं की मुद्रण सुरू. याआधी आवाज टिपायचा म्हणजे स्पूल यंत्र बाळगणाऱ्या एखाद्या श्रीमंत रसिकाची कृपा लागे, आणि ते यंत्र मोठ्या गवयासमोर लावलं जाई. प्रवेशिकेच्या परीक्षेला बसलेल्या मुलीसमोर नाही.

हा फरक किती मोठा, ते पुढच्या दोन नावांवरून कळेल. अल्लादिया खाँसाहेब १९४६ साली गेले. भास्करबुवा बखले १९२२ साली गेले. पुण्यात १९११ साली भारत गायन समाज उभा करणारे, बालगंधर्व आणि मास्टर कृष्णराव यांचे गुरू ते हेच. या दोघांच्या आवाजाचं एकही मुद्रण आज ऐकायला मिळत नाही. त्यांचं गाणं आपण शिष्यांच्या गळ्यातून आणि ऐकलेल्यांच्या आठवणींतून समजून घेतो. आणि आमच्यासारख्या कुठेच न पोचलेल्या विद्यार्थ्यांचं गाणं मात्र नव्वद नव्वद मिनिटं पेटीत पडून आहे.

कुणी कुठे पोचेल हे तेव्हा कुणालाच ठाऊक नसतं. ६ जुलै १९५७ला लिव्हरपूलमधल्या वुल्टन गावच्या चर्चच्या जत्रेत काही पोरं वाजवत होती. श्रोत्यांतल्या एका तरुणाने आपल्या ग्रुंडिग यंत्रावर ते टिपलं. गाणारा होता सोळा वर्षांचा जॉन लेनन, आणि त्याच दिवशी त्याची पॉल मॅकार्टनीशी पहिली भेट झाली. ते स्पूल १९९४ साली लिलावात ७८,५०० पौंडांना गेलं. आपल्या कॅसेटला कुणी पौंड देणार नाही. पण त्या तरुणाने सदतीस वर्षं ते फेकलं नाही, एवढंच मी त्यातून घेतो.

घरगुती मुद्रणाचा एक गुण स्टुडिओतल्या मुद्रणात कधीच नसतो. त्या काळच्या टेपरेकॉर्डरमध्ये आवाजाची पातळी आपोआप सांभाळणारी सोय असे. गाणं जोरात आलं की यंत्र स्वतःच पातळी खाली आणी, गाणारा थांबला की वर नेई. त्यामुळे दोन ओळींच्या मधल्या शांततेत सगळं घर वर येतं. आधी तंबोरा, मग पंखा, मग हळूहळू भिंतीपलीकडचं. माझ्या भैरवात अस्थायी संपल्यावर शेजारच्या रेडिओवर पुणे केंद्राच्या सात वाजून पाच मिनिटांच्या प्रादेशिक बातम्या सुरू होतात, म्हणजे तालीम सकाळची होती हे नक्की. पुढे बाईंचा आवाज येतो, "पुन्हा म्हण." त्यांचा बोलण्याचा आवाज माझ्याकडे दुसरीकडे कुठेच नाही.

म्हणूनच आवाज 'स्वच्छ' करून देणाऱ्या आजच्या साधनांबद्दल मी सावध करू इच्छितो. न बदलणारा, सतत चालू असलेला आवाज म्हणजे खरखर, असं ही साधनं धरून चालतात. तंबोरा नेमका तसाच असतो. माझ्या ओळखीच्या एका गायिकेने तिची तीस वर्षांपूर्वीची कॅसेट एकाकडे साफ करायला दिली. परत आली तेव्हा फितीचा 'स्स्स' गेला होता आणि तंबोराही गेला होता. तिचा षड्ज रिकाम्या खोलीत उभा राहिल्यासारखा वाटत होता. मूळ कॅसेट तिने टाकली नव्हती, म्हणून निभावलं.

तंबोरा परत आणण्याचा खरा उपाय अगदी लहान आहे. कॅसेट वाजवणाऱ्या हेडच्या बाजूला एक बारीक स्क्रू असतो, त्याने हेडचा फितीशी असलेला कोन बदलतो. तुमची कॅसेट भरली गेली ती दुसऱ्याच यंत्रावर, तिथला कोन वेगळा होता. कोन जुळला नाही की पहिल्यांदा उंच कंपनं मरतात, आणि तंबोऱ्याची जवारी सगळी त्या उंच कंपनांत असते. कॅसेट चालू ठेवून तो स्क्रू केसभर फिरवत जा. एका जागी जवारी एकदम उघडते, जणू घोडीवरचा दोरा आत्ता कुणी सरकवला. ज्यांचा कान तंबोऱ्यावर तयार झाला आहे, त्यांना याला कुठलंही उपकरण लागत नाही. या कामात आपण हौशी गवई तंत्रज्ञांच्या पुढे आहोत.

परळचे एक भजनी बुवा आहेत, गिरणीतून निवृत्त झालेले. त्यांच्या मंडळाच्या सरावाच्या सात कॅसेट होत्या, सगळ्या सी-९०. ही फीत पातळ असते, सी-६०ची साधारण १८ मायक्रॉन तर हिची १२. गुंडाळीत वर्षानुवर्षं एकमेकांना चिकटून बसलेल्या थरांचं चुंबकत्व शेजारच्या थरात थोडं उतरतं. मग गजर सुरू होण्याआधी क्षणभर त्याची पुसट सावली ऐकू येते. बुवा ती सावली ऐकूनच सांगायचे, आता कोणता गजर येणार. पखवाजावरची एक थाप ऐकली आणि वाजवणाऱ्याचं नाव, खोली नंबर, त्याची गिरणी, सगळं त्यांनी सांगितलं. वेष्टनावर मात्र फक्त 'भजन २' लिहिलेलं होतं. बुवांचं बोलणं मी त्याच बैठकीत फोनवर टिपून घेतलं आणि त्या त्या ध्वनिफितीसोबत ठेवलं.

करायचं काय, तेही सांगतो. कॅसेटच्या खिडकीतून फितीच्या कडेवर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी आहे. आपल्या पावसाळ्यात ती धरतेच. तशी कॅसेट लावू नका, जाणकाराकडे न्या, नाहीतर यंत्र खराब होईल आणि पुढच्या कॅसेटला लागण होईल. बाकीच्या आधी एकदा टोकापर्यंत पुढे आणि एकदा मागे गुंडाळून घ्या. कॅसेटच्या मागच्या कडेचे दोन प्लास्टिकचे तुकडे शाबूत असतील तर ते तोडा, म्हणजे चुकून वर काही भरलं जाणार नाही. स्वस्तातला नवा खेळण्यासारखा प्लेअर घेऊ नका. जुना चांगला डेक शोधा, त्याचे रबरी पट्टे बदलून घ्या. पुण्यातली तपकीर गल्ली किंवा मुंबईतला लॅमिंग्टन रोड इथे अशी कामं करणारे हात अजून सापडतात. उतरवताना २४ बिट आणि किमान ४८, शक्य तर ९६ किलोहर्ट्‌झ ठेवा. ९६ला तासाभराच्या स्टीरिओ मुद्रणाला सुमारे दोन जीबी जागा लागते, ती आज महाग नाही. ऑडॅसिटीसारखं मोफत साधन पुरतं. पहिली प्रत जशीच्या तशी ठेवा, दुरुस्त्या दुसऱ्या प्रतीवर करा.

आणि हे करताना एकटे बसू नका. तबला कुणाचा, 'वा' कोण म्हणालं, मागे हसलं ते कोण, हे सांगू शकणारी माणसं आज सत्तरी-ऐंशीत आहेत. या दिवाळीत ती घरी येतील किंवा आपण त्यांच्याकडे फराळाला जाऊ. जाताना कॅसेट आणि प्लेअर सोबत न्या, त्यांच्यासमोर लावा आणि ते सांगतील ती नावं तिथेच लिहून घ्या.