पटकीचा जंतू औषधांना का जुमानत नाही?

पटकी म्हणजेच कॉलरा. स्वल्पविरामासारख्या वाकड्या ‘व्हिब्रिओ कॉलरी’ या जीवाणूमुळे तो होतो. या जंतूत बदल घडवता येतो, हे जीवाणुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी १८९२ मध्ये पॅरिसला दाखवले. प्राण्यांच्या शरीरातून पुनःपुन्हा नेऊन त्यांनी त्याला जहाल केले, तर उष्णतेत वाढवून मवाळ केले. यातून लस तयार झाली आणि ती त्यांनी प्रथम स्वतःला टोचून घेतली. प्लेगच्या काळात ते मुंबईत आले. त्यांची प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. १९२५ पासून ती हाफकिन संस्था या नावाने ओळखली जाते.

जंतू नेमका बदलतो कसा, हे मात्र जनुकांचा अभ्यास सुरू झाल्यावरच उलगडले. या जीवाणूला दोन गुणसूत्रे असतात. शरीरातले पाणी वेगाने आतड्यात ओढणाऱ्या विषाचे जनुक मूळचे त्याचे नाही. ते एका विषाणूने त्याच्यात आणून सोडले, असे १९९६ मध्ये सिद्ध झाले. खाडीच्या पाण्यात कोळंबीसारख्या जिवांच्या कवचावर वाढताना तो आसपासचा डीएनएही आत घेतो. १९९२ मध्ये मद्रासला ‘ओ-१३९’ हा नवा प्रकार आढळला. त्यात जुन्याच जंतूच्या बाह्य आवरणाची जनुके बदलली होती.

औषधांना दाद न देण्याची ताकद त्याला दोन वाटांनी मिळते. पहिली वाट उत्परिवर्तनाची. सिप्रोफ्लॉक्सासिन ज्या प्रथिनावर घाव घालते, त्याच्या जनुकात एखादे अक्षर बदलले तरी औषधाची पकड सैल होते. दुसरी वाट उसनवारीची. ‘एसएक्सटी’ हा जनुकांचा गठ्ठा एका जीवाणूतून दुसऱ्यात जातो आणि को-ट्रायमॉक्सॅझोलसारख्या औषधांना एकदम निष्प्रभ करतो. प्रतिजैविकांचा वापर वाढला की असे जंतू टिकतात, साधे मरतात.

म्हणून कोणते औषध लागू पडेल, हे जंतूची प्रयोगशाळेत चाचणी करूनच ठरवावे लागते. प्रतिजैविकाने जुलाबांचा काळ कमी होतो. पण रुग्ण वाचतो तो शरीरातले पाणी आणि क्षार वेळेत भरून काढल्याने. डॉ. दिलीप महालनबीस यांनी १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत मीठ-साखरेच्या पाण्याने, म्हणजेच जलसंजीवनीने, हे दाखवून दिले. जंतूची जनुके कितीही बदलली तरी जलसंजीवनीचा गुण कमी होत नाही, आणि उकळत्या पाण्यात तो जंतू तग धरत नाही.